दगडगोट्यांना न भिणारा माझा भाऊ

मैत्रिणींनो, एक विचारायचं आहे, म्हणून लिहिते.

शेजारची पल्लवी पांढुर्ण्याहून बसने सौंसरच्या कॉलेजात जाते. काल बसस्टँडवर एका पुढाऱ्याच्या पुतण्याने तिचा हात धरला. माझा धाकटा भाऊ समोरच चहा पीत होता. त्याने सगळं पाहिलं, घरी येऊन मलाही सांगितलं.

आज पल्लवीच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात साहेबांनी त्याला विचारलं, तर म्हणाला, "मी तं तिकडं पाहूनच नाही राहिलो होतो."

हाच भाऊ दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, आमच्या नदीवरच्या दगडफेकीच्या जत्रेत, उतरतो. दोन्ही काठांवरून दगड येत असतात, तरी हटत नाही. कपाळावरची खोक सगळ्यांना दाखवत फिरतो.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "गोट्यायले भेत नाही तू, अन् त्या पोट्ट्याले भेतं?"

"ताई, गोटमार एका दिवसाची राह्यते. याच्याशी वैर घेतलं तं रोजचंच."

पल्लवीच्या आईने तिचं कॉलेज बंद केलं. मघाशी पोरगी घरी आली. "काकू, तुमच्या भावानं खरंच नाही पाहिलं का?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत आले. खरं सांगितलं तर भाऊ तोंडघशी पडतो. खोटं बोलले तर मीही त्याच्यासारखीच.

ती बाहेर ओट्यावर बसली आहे. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?