गोसाईकुंडाच्या अलीकडे

बाळांनो, मंदीच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या आजोबांनी बोलणं जवळजवळ सोडून दिलं होतं. अबू धाबीत त्यांच्या हाताखाली एक मोठी इमारत उभी राहत होती. ती अर्ध्यावर थांबली. शेकडो कामगारांना ‘काम बंद, घरी जा’ हे सांगण्याचं काम त्यांच्याकडे आलं, आणि पुढच्याच महिन्यात तसंच पत्र त्यांच्याही हातात पडलं. तिथल्याच खलिफा सिटीतल्या आमच्या घरात ते खिडकीपाशी बसून राहत. चहा दिला तर पीत, विचारलं तर मान हलवत. मी रोज पूजा करत होते, पण हात जोडताना मनात यायचं, समोर कोणी ऐकतंय का?

तेव्हा मी ठरवलं की त्यांना नेपाळात गोसाईकुंडाला न्यायचं. हलाहल प्यायल्यावर गळ्याचा दाह शमवायला शंकरांनी त्रिशूळ मारून तिथे पाणी काढलं, असं सांगतात. सोमवारी त्या पाण्यात उभं राहून मागणं मागायचं, एवढंच माझं होतं: हा माणूस मला पूर्वीसारखा परत दे. मला तुम्ही ओळखताच, मी वेळापत्रक टाइप केलं. वाटेत चहाघरं लागतात, जेवणखाण आणि निजायची सोय तिथेच होते, म्हणून वाटाड्याही घेतला नाही. व्हिसा रद्द होण्याआधी परतायचं होतं आणि सोमवारही गाठायचा होता, म्हणून मधला विश्रांतीचा दिवस मी खोडून टाकला. वाळवंटाच्या सपाटीवर राहणारी आम्ही माणसं. चढण म्हणजे आम्हाला मॉलचा जिना.

वाट मात्र स्वप्नातली होती. झाडांवरून शेवाळाच्या लांब जटा लोंबत होत्या. दुसऱ्या दिवशी जंगल संपलं, आणि ढग आमच्या पायांखाली गेले. घंटा ऐकू यायची, पण गाय दिसायची नाही. रविवारी संध्याकाळी ह्यांचं डोकं दुखू लागलं. सोमवारी सकाळी उलटी झाली. आम्हा दोघांनाही उपास होता, ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धरलेला. मी म्हटलं, “उपासाचं पित्त चढलंय. खजूर खा, बरं वाटेल.”

“महादेवांनी विष पचवलं,” ते हळूच म्हणाले, “मला पित्त पचेल.” कितीतरी दिवसांनी ऐकलेला तो विनोद मी शुभशकुन मानला.

कुंडाच्या अलीकडच्या लौरीबिना वस्तीतल्या चहाघरातली बाई ह्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. तिने लसणाचं गरम सूप पुढे केलं. “दिदी, आज यहीं रुको. साहब का मुँह देखो.” उपासाला लसूण! मी हसून नको म्हटलं. “सोमवार है, आज ही पहुँचना है.” आम्ही वळणाआड जाईपर्यंत ती दारातच उभी होती.

तासाभराने हे दगडावर बसले आणि उठेनात. नाव विचारलं तर माझ्याकडे अनोळखी नजरेने बघू लागले. धुकं एवढं दाट की माझाच हात मला फिका दिसत होता. मी जप सुरू केला, पण शब्द पुढचे मागे होऊ लागले. शेवटी मी देवाला एवढंच म्हटलं, कुंड नको, दर्शन नको, माझं काही नको. ह्यांना राहू दे.

आणि धुक्यातून आवाज आला, “खलास, मॅडम. ऊपर जाना खलास. यल्ला, नीचे!”

‘खलास’, ‘यल्ला’, म्हणजे ‘संपलं’, ‘चला’, ही आखातातली अरबी ऐकून क्षणभर वाटलं, मी अबू धाबीत आहे. पाठीवर बटाट्यांची टोपली, कपाळावर तिचा पट्टा असा एक माणूस खालून चढून येत होता. “पित्त है,” मी सांगू लागले. “पित्त-वित्त कुछ नहीं. लेक लगा है, पहाड़ की बीमारी. ऊपर गए तो मर जाएगा.” त्याने टोपलीतलं बटाट्यांचं पोतं काढून दगडाआड ठेवलं, टोपलीची एक बाजू सुरीने कापली, आणि ह्यांना तिच्यात पाठमोरं बसवून उतरू लागला. मी मागून चालत होते, त्यामुळे सारा उतार ह्यांचा चेहरा माझ्यासमोर होता.

उतरता उतरता त्याने सांगितलं, तो चार वर्षं दुबईत, मुहैस्नाहच्या कामगार वस्तीत राहिला होता. काम थांबलं, परत आला. बरंच खाली उतरल्यावर ह्यांच्या डोळ्यांत ओळख आली. मग टोपलीतून आवाज आला, “भाई, मैंने भी तुम्हारे जैसे लोगों को घर भेजा.”

“साहब, कागज तो ऊपर से आया होगा ना?” तो न थांबता म्हणाला. “हिलो मत. बैलेंस जाता है.”

हे रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखे. मी त्यांचे डोळे पुसायलाही गेले नाही. रडत रडत ते त्या माणसांची गावं सांगू लागले, कोणाला किती मुली, कोणाचं लग्न ठरलेलं. सगळं त्यांच्या आत साठून होतं. त्या माणसाने प्रत्येक गावाला फक्त “हाँ साहब” म्हटलं.

चहाघराच्या बाईने न विचारता दोन वाट्या सूप आणलं. माझा सोमवार मी त्या लसणाने मोडला, आणि असा प्रसाद मला पूर्वी कधी मिळाला नव्हता. पुढे खालच्या चंदनबारी गावापर्यंत त्यानेच ह्यांना पोचवलं. तिथे ह्यांनी भात मागितला. मी आभार मानायला वळले, तर तो वाटेला लागला होता. पोतं वर राहिलं होतं ना. त्याचं नाव विचारायचं माझ्या वेळापत्रकी डोक्याला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी हे हळूहळू स्वतः चालत पायथ्याच्या धुंचे गावाजवळच्या पुलाशी आले. खाली पांढरं पाणी धावत होतं. हे कुठून येतं, असं ह्यांनी एका म्हातारीला विचारलं. ती वर बोट दाखवून म्हणाली, “गोसाईकुंड से.”

आम्ही काठावर उतरलो आणि त्या पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहिलो. मागायचं काही उरलं नव्हतं. हे एकसारखे बोलत होते, पाणी किती गार आहे, घरी जाऊन काय काय करू, आणि मी हात जोडून ऐकत होते.