न कळलेला चावा

विजयमालाबाईंना स्वतःचं घर मिळालं ते मारुतराव पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर. तोवरचा सगळा संसार छावण्यांतल्या क्वार्टरमध्ये झाला. आधी बेळगाव, मग जालंधर, शेवटी दिल्ली कॅन्टोन्मेंट. सरकारी भिंतीत खिळा ठोकायचीही चोरी. म्हणून नोएडातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सामान लागायच्या आधीच बाईंनी हातोडी घेतली आणि मनाला येईल तिथं खिळे ठोकले.

"अगं, टांगायला आहे काय आपल्याकडं?" मारुतराव हसून म्हणाले.

"नसू दे. भिंत माझी आहे."

साताऱ्याकडं परत जायचा विषय निघाला होता, पण टिकला नाही. मारुतरावांना एका कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली होती. एकुलती मुलगी शिवांजली मानेसरला दिलेली, जावई इंद्रजित तिथं गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. शिवाय मारुतरावांना मधुमेह होता आणि लष्करी दवाखाना दिल्लीतच होता. गावचं घर भावाच्या ताब्यात. तेव्हा इथंच राहायचं ठरलं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सोसायटीच्या मागं अजून गव्हाचं शेत होतं आणि संध्याकाळी बाई गॅलरीत उभ्या राहून ते बघायच्या. पुढच्या हिवाळ्यात तिथं बुलडोझर आले. शेत खणलं गेलं, नव्या टॉवरचा पाया पडू लागला आणि शेतातले उंदीर इमारतीत शिरले.

सुरुवातीला कुणाला त्याचं काही वाटलं नाही. कणकेचा डबा कुरतडला, रजईला भोक पडलं, टीव्हीची वायर तुटली. मारुतरावांनी बाजारातून पिंजरा आणला, त्यात तळलेल्या पापडाचा तुकडा अडकवला आणि पहिल्याच दिवशी एक उंदीर धरला. पिशवीत पिंजरा घालून ते नाल्यापलीकडं गेले आणि उंदीर सोडून आले.

"मारला का नाही?" बाईंनी विचारलं.

"जन्मभर बंदूक वागवली गं. आता उंदीर मारू?"

मग पिंजरे दोन झाले, आणि उंदीर शहाणे झाले. पिंजऱ्याशेजारून जायचे, आत जायचे नाहीत. शेवटी बाईंनीच विषाच्या वड्या आणल्या. त्या खाऊन उंदीर भिंतीमागं कुठंतरी मेले आणि घरात बसवेना असा वास सुटला. वास जायच्या आत नवे आले.

ते येतात कुठून हे शोधायला बाईंना फार वेळ लागला नाही. शेजारचा फ्लॅट बंद होता. कॅनडातल्या कुणीतरी तो विकत घेऊन कुलूप लावून ठेवला होता, भाव वाढायची वाट बघत. दोन्ही फ्लॅटच्या मोऱ्यांचे पाइप एकाच डक्टमध्ये उतरत होते. स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावला की पलीकडची खुडबुड स्पष्ट ऐकू यायची. बाईंनी सिमेंटमध्ये फुटक्या बाटल्यांची काच कालवून आपल्या बाजूची भोकं बुजवली. उंदरांनी शेजारी दुसरी पाडली. त्यात आता मांजराएवढी एक घूस दिसू लागली होती.

बाई सोसायटीचे सेक्रेटरी माथुर यांच्याकडं गेल्या. बाईंचं हिंदी छावणीत शिकलेलं, कामापुरतं.

"भाईसाब, पडोस के फ्लॅट से घूस आती है. आप बंद करवाइए."

माथुरांचा चेहरा ताठ झाला. "बहनजी, मैंने आज तक किसी से घूस नहीं ली."

हिंदीत घूस म्हणजे लाच हे बाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. हाताने एवढी मोठी, अशी शेपटी, असं करून दाखवल्यावर माथुर हसले, ऑफिसातले सगळे हसले, बाईही हसल्या. पण काम झालं नाही. मालकाचा फोन लागत नव्हता, किल्ली कुणाकडं नव्हती आणि दुसऱ्याचं कुलूप तोडायला माथुर तयार नव्हते. "चूहे तो सबके घर हैं, बहनजी," ते म्हणाले. ते खरंही होतं.

त्या थंडीत एका सकाळी बाई चहा घेऊन आल्या. मारुतराव पलंगावर उठून बसले होते. रजई बाजूला सरली होती आणि चादरीवर पायाशी रक्त होतं.

"अहो, हे काय?"

मारुतरावांनी वाकून बघितलं. डाव्या पायाच्या अंगठ्याचा पुढचा भाग कुरतडलेला होता. ते बराच वेळ बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाचा पाय आहे.

"मला कळलंच नाही गं," ते म्हणाले.

पाय बधिर होत चाललेत हे त्यांना माहीत होतं. चप्पल पायातून निसटली तरी समजत नव्हतं. पण ते त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात ड्रेसिंग झालं, इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळं पायातली जाणीव गेली आहे, पाय जपा. घरातले उंदीर घालवा, असंही म्हणाले.

बाईंनी मच्छरदाणी लावून गादीखाली चारी बाजूंनी खोचली. तीही कुरतडली गेली. मग मारुतरावांनीच तोड काढली.

"बूट घालून झोपतो. सीमेवर महिनोन् महिने झोपलोय."

पलटणीतले जुने बूट माळ्यावर होते. बाईंनी ते पुसून पॉलिश केले. रोज झोपायच्या आधी त्या पलंगाशी खाली बसायच्या, त्यांना मोजे चढवायच्या, बूट घालायच्या आणि उंदराचं तोंड कुठून आत जायला नको म्हणून नाड्या घट्ट आवळायच्या. "दुखतंय का?" त्या विचारायच्या. "नाही," मारुतराव म्हणायचे. आणि ते खोटं बोलत नव्हते.

शिवांजली भेटायला आली तेव्हा तिनं खोलीत पाऊल टाकताच विचारलं, "आई, कसला वास येतोय? पुन्हा उंदीर मेलाय का?"

बाईंनी पलंगाखाली बघितलं, कपाटामागं बघितलं. मग त्यांचं लक्ष मारुतरावांच्या पायातल्या बुटांकडं गेलं; कडाक्याच्या थंडीत आठवडाभर ते दिवसाही काढले नव्हते. डावा बूट काढताना मोजा कातडीला चिकटून आला. अंगठ्याची जखम भरत आली होती. पण आवळलेल्या बुटानं टाच घासून घासून आतून सडली होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "यांना बूट घालून कोण झोपवत होतं?" तो मराठी होता, सोलापूरकडचा. रागानं बोलला नाही. मारुतराव म्हणाले, "मीच घालत होतो."

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

शिवांजली म्हणाली, "बाबा, आमच्याकडं चला." तिच्या एका खोलीच्या घरात आधीच सासू-सासरे होते, दीर होता. मारुतरावांनी नकारार्थी मान हलवली. फ्लॅट विकायचाही प्रयत्न केला, पण जे बघायला येत ते गॅलरीतून मागचे नवे टॉवर बघत आणि तिकडंच चौकशी करायला जात. नोकरी तर सुटलीच होती.

मग एक दिवस बंद फ्लॅटचं कुलूप निघालं. मालकाचा भाऊ आला होता. बाई धावत गेल्या आणि त्याला उंदरांचं सगळं सांगितलं. तो भला माणूस होता. तो आत गेला आणि तोंडाला रुमाल लावून बाहेर आला. त्यानं माणसं बोलावून फ्लॅट धुऊन घेतला, औषध मारलं, डक्टला जाळी बसवली. "सॉरी, आंटीजी," तो म्हणाला. सॉरी कशाबद्दल ते त्याला पुरतं माहीत नव्हतं. पायाचं बाईंनी सांगितलं नाही.

त्यानंतर काही आठवडे घरात उंदीर दिसला नाही. कणकेचा डबा शाबूत राहिला. बाईंनी पिंजरे धुऊन माळ्यावर टाकले. मारुतराव कुबड्यांवर गॅलरीपर्यंत जाऊ लागले. गणेशोत्सवाला दिल्लीतल्या मंडळात जाऊ या, असंही एकदा बोलून गेले.

उन्हाळा संपताना इमारतीच्या पुढच्या बाजूचा मोकळा प्लॉट खणायला घेतला. तिथं बाजार होणार होता. बाई त्या दिवशी गॅलरीत उभ्या राहिल्या, मशीन मातीत दात घालताना बघितलं आणि आत आल्या. आठवड्याच्या आत स्वयंपाकघरात लेंड्या दिसल्या. जाळीचा एक कोपरा उचकटलेला होता.

"पुन्हा आले का गं?" मारुतरावांनी पलंगावरून विचारलं.

"आले."

"माथुरांना सांगून बघ."

"बघते," बाई म्हणाल्या, पण गेल्या नाहीत.

आता मारुतराव दुपारी झोपले की त्या पलंगाच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसतात. हातात लाटणं असतं. परवा त्यांनी पांघरूण सारखं करताना उजव्या पायाचा तळवा बघितला. करंगळीखाली काळसर डाग होता, करडईच्या दाण्याएवढा. त्यांनी बोटानं दाबून बघितलं. मारुतराव जागे होते, वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाईंनी पांघरूण पायावर नीट घातलं.

"चहा टाकू का?" त्यांनी विचारलं.

"टाक," मारुतराव म्हणाले आणि पान उलटलं.