ताईचे जेवण होईपर्यंत

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईला ते सांगायला निघालो आणि गाडीतच माझ्या लक्षात आले, की मला ते सांगता येणार नाही. पालघरच्या एका छापखान्यात मी खिळे जुळवत असे आणि उरलेल्या वेळात पत्रके लिहीत असे. नवस, कौल, अंगात येणे, सगळ्यांवर माझी लेखणी तुटून पडायची. वडीलही अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीतले, पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरे गिरवली. ते वारले तेव्हा मोठ्या माणसांनी आम्हा भावंडांना दोन दिवस “बरे नाहीत” एवढेच सांगितले होते. त्या फसवणुकीचा राग माझ्या मनातून कधीच गेला नाही. जे खरे असेल ते सांगायचे आणि लगेच सांगायचे, असे मी तेव्हाच ठरवून टाकले. आई मात्र रोज गावदेवीपुढे दिवा लावी आणि माझे नवे पत्रक आले की तेही देवीपुढे ठेवी. मी चिडलो की म्हणे, “तिलाही वाचू दे.”

ताई तारापूरच्या किनाऱ्याला दिलेली. बाळंत होऊन तिला बारा दिवस झाले होते. तिचे पहिले मूल तिचे दूध आटल्यामुळे हाती लागले नव्हते. भावोजी बोटीवर गेलेले, चार दिवस तरी परतणार नव्हते. माझ्या एका वाक्याने या बाळाचेही दूध तुटले तर?

बोईसरला एस.टी. निघून गेली होती. नव्या वीजकेंद्राच्या बांधकामाला जाणाऱ्या ट्रकांची धूळ खात मी चालू लागलो. “ताई, आई काल गेली.” चार शब्दांची ओळ. छापखान्यात जुळवायला पळभर लागला असता, पण मनात ती काही केल्या उभी राहीना. शेवटी एका वडाखाली बसलो. लिहायला लाज वाटते, तरी लिहितो: मी आईच्या देवीला म्हटले, “तू असशील तर हे तूच सांग. मला जमत नाही.”

मागून एक मासळीवाली येत होती. उमरोळीला मासळी विकून रिकामी पाटी घेऊन घरी निघालेली, आईच्याच वयाची. “पोरा, रडतोस का?” तिने विचारले आणि मी तिला सगळे सांगून टाकले.

“जेवली काय ती?” तिचा पहिला प्रश्न.

“माहीत नाही. पण मी लपवणार नाही. मला खोटे बोलायचे नाही.”

“खोटं बोल कोन सांगतंय? आदी जेवू दे, मग सांग. शिकलेला दिसतोस, म्हणून येवडी घाई.” मग पाटी खाली ठेवून ती म्हणाली, “माझा दादला दर्यात गेला, ते मला भरल्या ताटावर सांगितलं. तीन दिस पानी पन उतरलं नाय. पोर अंगावर होतं.”

त्या पोराचे काय झाले, हे विचारायचा धीर मला झाला नाही. तिने पाटी काखोटीला मारली. “चल, मी येते.”

ताईच्या सासूबाई मासळी वाळत घालायला गेल्या होत्या. ताईचे जेवण चुलीपाशी झाकून ठेवलेले होते. त्या मासळीवाल्या मावशीने दारातूनच हाक दिली, “पोरी, भाऊ आलाय तुजा. आमाला जेवू घाल.” ताईने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. मावशीने स्वतःच भात आणि बाळंतिणीसाठी केलेले मुशी माशाचे कालवण वाढले, बाळाला मांडीवर घेतले आणि मला दटावले, “तू पन बस. तू नाय जेवलास तर ती कशी जेवंल?” कालपासून माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हते. ताई सावकाश जेवली. ताटातले शीत न् शीत संपवले. एकदाही तिने ‘आई कशी आहे’ असे विचारले नाही. मी मनात म्हटले, देवीने माझी लाज राखली.

हात धुऊन तिने बाळाला पाजायला घेतले. मी तोंड उघडले.

“कधी गेली?” ताईनेच विचारले.

“काल.”

“तुजं तोंड उतरलेलं, आनि ही अनोळखी मावशी दारात जेवन मागायला लागली, तवाच कळलं मला. विचारलं असतं तर तू लगेच खरं सांगितलं असतंस. तुजा स्वभाव मला माहीत नाय काय? मग बाळाला काय पाजलं असतं?”

एवढे बोलून ती रडू लागली; पण मांडी हलू दिली नाही. बाळ पीत राहिले. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्यानंतर काही महिन्यांनी मावशी मला उमरोळी स्टेशनाबाहेर भेटली. समोर बोंबलांचा ढीग, गिऱ्हाइकाशी भांडण चाललेले. मला पाहून ओरडली, “काय रे, जेवलास काय?” म्हणजे ती देवी नव्हती, हे मला पक्के ठाऊक आहे. पत्रके मी अजून लिहितो आणि त्यांतला एकही शब्द मागे घेतलेला नाही. पण वडाखाली मी जे मागितले होते, ते मला मिळाले. ती चार शब्दांची ओळ मला कधी बोलावीच लागली नाही. माझ्या वाट्याला फक्त ताटावर बसणे आणि गप्प राहणे आले होते, आणि मला वाटते, आई ज्याला देवीवर सोपवणे म्हणायची ते एवढेच असावे. ताईचा मुलगा आता चालू लागला आहे.

नवे पत्रक छापले की त्याची पहिली प्रत मी देवीपुढे ठेवतो. तिलाही वाचू दे.