नावाआधीची रिकामी चौकट

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या आमच्या छापखान्यात त्साय मास्तरांनी शिशाचे खिळे जुळवण्यात हयात घालवली आणि म्हातारपणी कॉम्प्युटरही शिकून घेतला. मी त्यांची शिष्या.

एकदा छापखानेवाल्यांच्या संघाची स्मरणिका कॉम्प्युटरवर लावताना, वरून खाली जाणाऱ्या चिनी अक्षरांच्या ओळींत 'श्यू चिन-फा' या नावाआधी दर वेळी एका अक्षराची चौकट रिकामी पडू लागली. मी ती खोडायचे, ती परत यायची. फॉन्ट बदलले, प्रोग्रॅम पुन्हा टाकला, तो लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. शेवटी प्रोग्रॅममधला एकेक नियम बंद करत गेले, तेव्हा मास्तरांनी स्वतः घातलेला एक नियम सापडला.

"मास्तर, हा उपद्व्याप तुमचा?"

"मग कोणाचा? श्यू माझे गुरू. मोठ्यांच्या नावाआधी मानाची जागा सोडायची, हे शाळेत नाही शिकवलं का गं तुला?"

"शिकवलं! पण सांगायचं तरी. डोकं फुटायची वेळ आली माझी."

"चला, म्हणजे आता त्यांचं नाव जन्मात विसरणार नाहीस," म्हणत ते चहाचा घोट घेऊन हसले.

परवा मास्तरांच्या अंत्यविधीची पत्रिका मीच लावली. त्यांचं नाव आधीच्या अक्षराला खेटून आलं. माझा संतापच झाला. मी तो जुना नियम उघडला आणि श्यूंच्या खाली मास्तरांचं नाव घातलं.

उभ्या ओळीत मास्तरांचं नाव एक चौकट खाली सरकलं.