चौथीत मी एकटीच

भरे गावातल्या आमच्या शाळेत खोली एक आणि गुरुजीही एकच. चार भिंतींना चार इयत्ता बसायच्या. तिसरीत आम्ही तिघं होतो: मी, शेजारची माझी मैत्रीण आणि धनगरवाड्यावरचा एक मुलगा. उन्हाळ्यानंतर शाळा उघडली तेव्हा तो मेंढरांमागे गेलेला होता. मैत्रिणीला भाऊ झाला होता, त्याला सांभाळायला तिला घरीच ठेवलं. चौथीच्या भिंतीला मी एकटीच उरले.

पहिले काही दिवस मला त्याची ऐट वाटली. मग कळलं, की गणित सुटलं तरी पाटी दाखवायला शेजारी कुणी नाही. गुरुजी पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवून देण्यात गुंतलेले असायचे. माझ्याकडे यायला त्यांना दुपार व्हायची.

आमच्या पुस्तकात नदी आणि डोंगराचा संवाद होता. तो दोघांनी वाचायचा. गुरुजी म्हणाले, "तू डोंगर हो, मी नदी होतो." त्यांच्या घोगऱ्या आवाजातली नदी ऐकून सगळी शाळा हसली. मला मात्र हसू येईना. नदी मैत्रिणीने व्हावी असं वाटत होतं.

त्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन तिच्याकडे गेले. ती अंगणात भावाला कडेवर घेऊन उभी होती.

"हे वाच, तू नदी," मी म्हणाले.

तिने एका हाताने पुस्तक धरलं. दोन ओळी अडखळत वाचल्या, जोडाक्षराशी थांबली. तेवढ्यात पोर रडायला लागलं.

"मला न्हाई येत आता," ती म्हणाली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. आधी ती रोज विचारायची, आज काय शिकवलं म्हणून. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींपुढे जाऊन उभी राहिले.

"गुरुजी, मला तिसरीत बसवा."

"का गं? चौथीचं जड जातंय?"

"न्हाई. तितं पोरी हायेत."

गुरुजींनी तिसरीच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बस तिकडं. अभ्यास मात्र चौथीचाच करायचा."

मी माझं तरट उचलून तिसरीच्या पोरींशेजारी टाकलं. पण गुरुजींनी त्यांना प्रश्न विचारला की उत्तर माझ्याच तोंडून निघायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यातली एक फणकारली, "तू चौथीची हायेस नव्हं? मग हितं कशाला येतीस?" बाकीच्या हळूच सरकून बसल्या. माझ्या आणि त्यांच्या मध्ये शेणाने सारवलेली रिकामी जागा उरली. मधल्या सुट्टीनंतर मी तरट उचलून परत आपल्या भिंतीला गेले. गुरुजींनी पाहिलं आणि ते पुन्हा पहिलीच्या पाट्यांकडे वळले.

पुढच्या वर्षी पाचवीला मी पिरंगुटच्या शाळेत चालत जाऊ लागले. तिथे वर्ग पोरांनी भरलेला. माझ्या शेजारी एक बडबडी मुलगी बसली. तिने माझं गाव विचारलं, डब्यात काय आहे ते विचारलं, स्वतःच्या घरचं सगळं सांगून टाकलं. मला बोलायचं होतं, फार बोलायचं होतं. पण सुरुवात कुठून करायची तेच आठवेना. मी नुसती मान हलवत राहिले. थोड्या वेळाने ती दुसऱ्या बाजूच्या मुलीकडे वळली.