अन्सार कुशनवाल्याचा शब्द

ओतूरच्या एसटी स्टँडमागं अन्सारचं कुशनचं दुकान होतं. पाटी त्यानं कधी लावली नाही आणि त्याला ती लागलीही नाही. ट्रॅक्टरची गादी फाटली, जीपच्या सीटची स्प्रिंग बुडाला टोचायला लागली, की मढपासून पार तिकडं पेठपर्यंतची माणसं त्याच्याकडं यायची. कारण एकच, अन्सार जो माल सांगेल तोच आत घालायचा. "ह्यो फोम दोन वरसं टिकंल, तिसऱ्या वरसी बसंल," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा कारागीर दुसरा शोधून दाखवा मला! बाकीचे जुना काथ्या कोंबायचे, वरून चकचकीत रेग्झीन ओढायचे आणि छातीठोक गॅरंटी द्यायचे.

पण या भल्या माणसाच्या मनात एक खुटखुट होती. त्याचा बाप जुन्नरला टांगेवाल्यांची कातडी कामं करायचा. लगाम, पट्टे, टांग्याच्या गाद्या. दहा वर्षांचा असताना बापाच्या मांडीला मांडी लावून अन्सार कातडं कापायला शिकला. पुढं टांगे गेले, बापही गेला, आणि पोराची सगळी हयात रेग्झीन शिवण्यात चालली. बापाची रापी, म्हणजे कातडं कापायचं ते रुंद पातं, दुकानात खिळ्याला टांगलेली होती. दर शुक्रवारी तो ती तेलाच्या फडक्यानं पुसायचा आणि परत टांगायचा. वापरायची कशावर? रेग्झीनला कात्री पुरते.

त्याला पहिलं काम दिलं ते साळुबाईनं. ओतूरजवळच्या मळ्यातली, जमीनजुमला असलेल्या घरची बाई. अन्सारची आई रहिमाबी त्या मळ्यावर बांगड्या भरायला जायची, तेव्हापासून दोघींचं मेतकूट. अन्सारनं दुकान टाकलं त्या वर्षी साळुबाईला मुलगा झाला, सुदर्शन. त्याच्या पाळण्याची गादी अन्सारनं शिवली. मळ्यावर गेलं की साळुबाई घरातल्याच कपात त्याला चहा द्यायची. आल्यागेल्यानं भुवया उंचावल्या तर म्हणायची, "माझ्या घरात कुणाला कंचा कप, ते मी बघीन."

साळुबाई माळकरी. पण कातड्याचं तिचं जरा वेगळंच होतं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी मळ्यातला हरण्या बैल मोट ओढता ओढता पडला आणि गेला. काही महिन्यांनी विहिरीवर पाणी उपसायला कातड्याची नवी मोट आली. कातड्यावरच्या डागणीच्या खुणेवरून साळुबाईनं ओळखलं, हा आपला हरण्या. कोवळी पोर ती, धाय मोकलून रडली. मोटेचं पाणी पुन्हा तोंडाला लावलं नाही, माळ घातली आणि कातड्याला शिवणार नाही असं विठोबाला सांगून टाकलं. नवऱ्यानं शेवटी हात टेकले आणि लोखंडी मोट आणली. पायात तिच्या जन्मभर रबरी चप्पल. ही गोष्ट अन्सारला पाठ होती. रहिमाबीनं त्याला दहादा तरी सांगितली असेल.

तर दोन हजार चार साली सुदर्शननं टोमॅटोच्या पैशातून जुनी एस्टीम घेतली. गाडी झकास होती. आतली कापडी सीटं धडधाकट होती. पण हौसेला मोल नसतं, आणि अक्कल तर त्याहून नसते! नारायणगावच्या कुणा मित्राच्या गाडीत कातडी सीटं बघितली, झालं, बसली टाळक्यात. पुण्याच्या भंगारातून एका चेपलेल्या परदेशी गाडीची सीटं आणि दारांची कातडी पॅडं हुडकून काढली आणि टेम्पोत घालून अन्सारच्या दारात उतरवली.

अन्सार जवळ गेला. काळपट तपकिरी, मऊ, अस्सल कातडं. त्यानं हात फिरवला, मग इकडंतिकडं बघून नाक लावलं. बाप शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं त्याला. डोळे भरून आले.

"साळुमावशीला ठावं हाय का?" त्यानं विचारलं.

"तिला रेग्झीन सांगितलंय," सुदर्शन म्हणाला. "अन्सारभाई, तुमाला इचारलंच तर तुमी बी तेच सांगा. तुमचा शब्द ती खाली पडू देत न्हाई. आता तिच्या सोवळ्यापायी मी जलमभर कापडावर बसू का?"

इथं अन्सारनं टेम्पो परत फिरवायचा. एवढंच करायचं होतं. पण हात सीटवरून उचलेना. "ती कशाला इचारतीय?" तो म्हणाला. म्हणजे कबूलच झाला की.

घरी रहिमाबीनं ऐकलं आणि हातातला घास ताटात ठेवला. "साळूकू झूट बोलेगा तू?"

"अम्मा, वो पूछेगीच नै."

"पूछी तो?"

तो उठून हात धुवायला गेला.

बारा दिवस काम चाललं. परदेशी सीटांचे पाय एस्टीमच्या भोकांत बसेनात, म्हणून जुन्या सीटांच्या सांगाड्यांचे पाय कापून नव्यांखाली वेल्डिंग केले. दारांची पॅडं लांब होती, ती मापात कापली. मागचं सीट रुंदीला जास्त होतं, ते उसवून, अरुंद करून पुन्हा शिवलं. कुठं शिवलंय हे आज मला दाखवा, म्हणावं! उरलेल्या तुकड्यांतून गिअरला आणि स्टिअरिंगला कव्हर केलं. बापाची रापी खिळ्यावरून उतरली आणि बारा दिवस परत टांगलीच नाही. पोटापुरतं काम तो रोजच करत आला होता, हे मात्र मनासारखं झालं. बारा दिवस तो सुखात होता, अगदी खरं सांगायचं तर.

दसऱ्याला मळ्यावर गाडीची पूजा. झेंडूची माळ, नारळ, हळदीकुंकू. सुदर्शनची बायको, आरती, ओवाळणीचं ताट घेऊन उभी. साळुबाईनं गाडी ओवाळली, दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि थांबली.

"अन्सार," तिनं हाक मारली. "कातडं न्हाई ना रं बाबा?"

सुदर्शन मागं उभा होता. तो बघत होता. पण खरं म्हणाल तर अन्सारला त्याची भीती नव्हती. त्याला ती सीटं दिसत होती. खरं बोललं की ती संध्याकाळच्या आत निघणार होती.

"रेग्झीन हाय, मावशी," तो म्हणाला.

"मग झालं," म्हणून ती बसली. देवळाला जाऊन आली, येताना काचेला डोकं टेकून झोपलीसुद्धा.

नऊ-दहा महिने सरळ गेले. श्रावणात आठ दिवस झड लागली, गाडी शेडमध्ये बंद. आणि मग मढला भावाच्या घरी जायचं म्हणून साळुबाईनं गाडीचं दार उघडलं. कोंडलेल्या ओलीनं सीटांवर बुरशी चढली होती. आतून वास आला आणि म्हातारी जागीच उभी राहिली. सोबत आलेल्या आरतीला तो नुसता कुबट वास वाटला. साळुबाईला तो चाळीस वर्षांनी आला होता. ओल्या मोटेचा वास! रेग्झीन कितीही कुजलं तरी असली घाण मारत नाही. ती तशीच माघारी वळली. विहिरीवर गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि तीन दिवस पाण्यावर राहिली.

आणि सुदर्शन? तो म्हणाला, "मला काय ठाऊक? मी रेग्झीनच सांगितलं व्हतं. अन्सारनंच फसवलं." चोर तो चोर, वर शिरजोर! आठ दिवसांत ही गोष्ट चहाच्या टपरीपर्यंत आली. "त्यांना काय कातड्याचं एवढं," एकजण म्हणाला. "पर माळकरी बाईला बाटवायचं म्हंजे लईच झालं राव." अन्सार मागच्या बाकावर बसला होता. अर्धं खोटं होतं ते. पण अर्धं खरं होतं ना.

महिन्याभरात मळ्यामळ्यांतली गिऱ्हाइकं दुसरीकडं वळली. ज्यांनी पंचवीस वर्षं गादी उसवून बघितली नव्हती, ते आता आत काय घातलं ते उसवून दाखव म्हणायला लागले. त्याला त्याचंही एवढं नव्हतं. मावशीला एकदा खरं काय ते सांगावं, ती समजून घेईल, एवढीच आशा धरून तो मळ्यावर गेला.

साळुबाई ओसरीवर शेंगा निवडत होती. गळा मोकळा. नेहमीच्या कपातच तिनं त्याला चहा दिला.

"मावशी," तो म्हणाला, "मला तसं बोलायला सुदर्शननंच सांगितलं व्हतं. अम्माची शप्पत."

"शप्पत नको घालूस. ठावं हाय मला." तिनं वर बघितलं नाही. "पोटचा हाय त्यो माझ्या. लहानपणापासनं खोटं बोलतोय. म्हणून तर त्याला मी इचारलंच न्हवतं. तुला इचारलं."

त्यानं कप खाली ठेवला. तिथंच तो लहान पोरासारखा रडला. साळुबाई शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "काढून टाक ती. कापड घाल."

त्यानं काढली. माळ्यावरची जुनी कापडी सीटं उतरवली, कापलेल्या सांगाड्यांना नवे पाय जोडले, पॅडं बदलली, स्टिअरिंगचं कव्हरसुद्धा उसवलं. बारा दिवसांचं काम दोन दिवसांत उधळलं. सुदर्शननं कातडी सीटं न्यायला नकार दिला, ती दुकानाच्या कोपऱ्यात उभी राहिली. रापी पुसून त्यानं खिळ्याला टांगली.

गाडी तो स्वतः मळ्यावर घेऊन गेला. साळुबाईनं माळ पुन्हा घातली होती. मढला जायचं तसंच राहिलं होतं, ती पिशवी घेऊन आली. अन्सारनं दार उघडून धरलं.

"आता कापड हाय, मावशी. सगळं कापड."

"हां," ती म्हणाली. आत वाकली नाही, हातही लावला नाही. तशीच उभी राहून तिनं घरात हाक दिली, "आरते, जरा इकडं ये गं. हात लावून बघ बरं, कापड हाय का?"

आरती पदराला हात पुसत आली. खाली बघतच तिनं सीट चाचपलं, दार चाचपलं. "हाय आत्या, कापडच हाय," ती म्हणाली.

मग साळुबाई गाडीत बसली. अन्सारनं दार लावलं.