गॅरेजखालचं पेव

माझ्या नवऱ्याचं गॅरेज घराला लागूनच आहे. अमडापुरात जुन्या गावठाणाच्या उंचवट्यावर आमचं घर, बाजूला पत्र्याचं शेड, आणि शेडमध्ये काँक्रीटची जमीन. ती जमीन टाकली तेव्हा मी लग्न होऊन नवीनच आले होते. रोज तिच्यावर पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. पुढे तिच्यावर जीप, पिकअप, ट्रॅक्टर, सगळं उभं राहिलं आणि नवरा त्यांच्याखाली पाठीवर पडून काम करत राहिला.

मग त्याची कंबर धरली. जमिनीवर झोपून काम करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यावर त्यानं दोन खांबांची लिफ्ट मागवली, गाडी डोक्याच्या वर उचलणारी. लिफ्ट यायच्या आधीच मी मोबाइलवर तिचे व्हिडिओ पाहून घेतले. एक गोष्ट मला कळत नव्हती. खांबांना मागून टेकू नाही, भिंतीचा आधार नाही. मग एवढी गाडी अधांतरी उचलल्यावर ते आत कलंडत का नाहीत? नवरा म्हणाला, बोल्ट धरतात. बोल्टला कोण धरतं, असं विचारलं तर म्हणाला, जमीन. आणि जमिनीला? त्यावर तो हसला आणि जेवायला बसला.

लिफ्ट बसवायला जालन्याहून फिटर आला, तेव्हा मी त्यालाही तेच विचारलं. त्यानं हाताचा पंजा टेबलावर ठेवून दाखवलं. खांब आत झुकायला पाहतो तेव्हा त्याच्या पायाची लोखंडी पाटी मागच्या बाजूनं उचलली जायला बघते. बोल्ट तिला खाली दाबून ठेवतात, पण ते रुतलेले असतात काँक्रीटमध्ये. म्हणून काँक्रीट जाड हवं, आणि त्याच्याखाली घट्ट भराव हवा. तो म्हणाला, आधी एकेक भोक पाडून बघू.

डाव्या खांबाच्या जागी ड्रिल नीट गेलं. जाडी भरपूर होती, खाली मुरूम लागला. उजवीकडे मात्र ड्रिल थोडा वेळ घरघरलं आणि एकदम दांड्यापर्यंत आत गेलं. फिटर तोल जाऊन गुडघ्यावर आला. त्यानं ड्रिल बाहेर काढलं आणि हातोडीनं जमीन ठोकायला लागला. एका ठिकाणी ठणठण, हातभर पुढे ढबढब. आवाज बदलेल तिथं तो खडूनं खूण करत गेला. खुणा जोडल्यावर जमिनीवर चांगलं मोठं गोल उमटलं. खाली काय आहे ते कळल्याशिवाय मी इथं बोल्ट मारणार नाही, असं सांगून तो बाजूला झाला.

ठोकाठोकी ऐकून सासरे काठी टेकत ओसरीवरून आले. त्यांनी ते गोल पाहिलं आणि म्हणाले, "इथं पेव होतं नं आपलं."

पेव हा शब्द मी ऐकला होता, पाहिलं कधी नव्हतं. धान्य साठवायला जमिनीत खोदलेली खोली म्हणजे पेव. तोंड एक माणूस उतरेल एवढं, पोट मात्र मोठं. शेड बांधायच्या आधी सासऱ्यांनीच त्याचं तोंड फोडून रुंद केलं आणि ते भरून घेतलं होतं. पण हाताशी तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, कडबा होता, तो आत टाकला आणि वरून माती लोटली. इतक्या वर्षांत ते सगळं कुजून खाली बसलं, आणि वर आमची जमीन नुसती झाकणासारखी राहिली. त्या झाकणावर मी इतकी वर्षं झाडू मारत आले होते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं ब्रेकर आणून तिथलं काँक्रीट फोडलं. आतून ओला, आंबूस वास आला. आत बॅटरी मारली तर तळ दिसत होता, माणसाच्या उंचीपेक्षा थोडा खोल. नवरा काठावर बसला, पाय आत सोडले आणि उडी मारायच्या बेतात होता. सासऱ्यांनी त्याचा खांदा धरला.

"उतरू नको. आत हवा खराब राह्यते. आधी दिवा सोड."

"इतकुसं तर खोल आहे, बाबा."

"खोलीचं नाही सांगून राह्यलो मी तुले. हवेचं सांगून राह्यलो."

मी घरातून दिवा लावून आणला. तो लहान बादलीत ठेवून दोरीनं हळूहळू खाली सोडला. काठाखाली काही अंतर ज्योत नीट होती. मग ती बारीक झाली, निळसर झाली आणि विझली. वारा नव्हता, कोणी फुंकर मारली नव्हती. बादली वर घेऊन दिवा परत लावला, तो परत तिथंच विझला. मला तिसऱ्यांदा सोडून बघायचा होता, कारण चांगली हवा नेमकी कुठं संपते ते मला पाहायचं होतं. पण नवऱ्यानं गुपचूप पाय वर घेतले होते आणि तो काठापासून मागे सरकला होता. सासऱ्यांनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी शेजारच्या गल्लीतला एक माणूस असाच घाईनं पेवात उतरला होता. तो आतच गुदमरून गेला, त्याला वर काढलं ते दुसऱ्यांनी.

पेव काही दिवस उघडं ठेवलं. चाकात हवा भरायच्या कॉम्प्रेसरची नळी आत सोडून हवा मारली. दिवा तळापर्यंत जळत राहिला, तेव्हाच नवरा कमरेला दोरी बांधून उतरला आणि कुजका गाळ घमेल्यानं वर दिला. ते काम संपल्यावर मी म्हणाले, मलाही उतरायचं आहे. त्यानं कारण विचारलं. पाहायचं आहे, एवढंच माझं कारण होतं. त्यानं शिडी लावली.

आत गारवा होता. भिंती माती-शेणानं लिपलेल्या होत्या, आणि एका बाजूला तो लेप अजून शाबूत होता. त्यावर बोटं फिरल्याचे वळ होते, कमानीसारखे, एकाखाली एक. मी माझी बोटं त्यांत ठेवून पाहिली. वळ माझ्या बोटांहून बारीक होते, एखाद्या मुलीचे असावेत. वर येऊन सासऱ्यांना विचारलं. पेवं बायकाच लिपत, एवढं ते सांगू शकले. ही बोटं कोणाची, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग ते आपणहून बोलत राहिले. पेवातली ज्वारी काढली की तिला आंबूस वास येई, भाकरीलाही तो लागे. पाहुण्यांना आवडत नसे, घरच्यांना मात्र त्याशिवाय भाकर गोड लागत नसे.

पेव बुजवणं भाग होतं. शेड अरुंद, लिफ्टला दुसरी जागा नव्हती. मला वाईट वाटलं, ते मी बोलूनही दाखवलं. नवरा म्हणाला, आठवडी बाजार होऊ दे, तोवर लोक पाहून घेतील, मग भरू. तेवढ्या दिवसांत गल्लीतले बरेचजण वाकून पाहून गेले. मग दगड आणि मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून धुम्मसानं ठोकून घट्ट केलं, वर सळ्यांची जाळी बांधून जाड काँक्रीट ओतलं. पाणी मारायला या वेळी सासरेही यायचे.

काँक्रीट पक्कं झाल्यावर फिटर परत आला. त्यानं पुन्हा हातोडी मारून पाहिली, खांब ओळंब्यात उभे केले, बोल्ट आवळले. पहिली गाडी आमचीच जीप. थोडी उचलून त्यानं ती हलवून पाहिली, मग पूर्ण वर नेली आणि खाली घसरू नये म्हणून खांबांतल्या खटक्यांवर टेकवली.

सासरे हळूच तिच्याखाली जाऊन उभे राहिले. वर्षानुवर्षं ते या जीपमध्ये बसले होते, पण तिचं पोट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. काठी वर करून ते एकेका भागाला टेकवत आणि हे काय, ते काय, असं विचारत. एरवी बापाशी दोन शब्दांत बोलणारा माझा नवरा एकेक नाव सांगत होता, कशानं काय फिरतं ते हातानं दाखवत होता. मी चहा घेऊन आले तेव्हा दोघंही माना वर करून उभे होते. कप तसेच ओट्यावर ठेवले आणि मीही जीपखाली जाऊन उभी राहिले.